वारसदाराचा रकाना

बायको गेल्यावर मी सुट्टी फार घेतली नाही. बीडच्या पतसंस्थेत माझ्यापुढं तेव्हा एकच काम होतं. पैसे देता-घेताना माणसाची ओळख कशी पटवायची, याची एक नियमावली, आणि आपली माहिती दुसऱ्याच्या क्लाउडवर ठेवताना काय सांभाळायचं, याची दुसरी. दोन्ही एका तक्त्यात शेजारी मांडून आपण कुठं बसतो ते तपासणीवाल्यांना दाखवायचं. वाचायचं काम होतं, म्हणून माझ्याकडं आलं.

पहिली नियमावली म्हणते, ओळखीच्या खुणा तीन प्रकारच्या. माणसाला जे ठाऊक आहे, त्याच्यापाशी जे आहे, आणि तो अंगानं जो आहे. पासवर्ड, फोन, अंगठा. यातल्या निदान दोन जुळल्याशिवाय दार उघडायचं नाही. हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. बायकोला ठाऊक होतं ते तिच्याबरोबर गेलं. तिचा अंगठा आम्ही जाळला. आणि तिचं सिमकार्ड गोदावरीत होतं.

ते मेहुण्यानं सोडलं. राख सोडताना त्यानं खिशातून काढून हळूच पाण्यात टाकलं. तेराव्याला छत्री-चपलांसोबत तिचा फोन दान द्यायचा ठरलं, तेव्हा वडवणीच्या दुकानातून तो पुसूनही आणला. बहिणीचे फोटो परक्याच्या हाती पडू नयेत, एवढाच त्याचा हेतू. नंतर मी विचारलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, तिचा नंबर दुसऱ्या कुणाला लागाया नको म्हून सोडला. माझं चुकलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मला हवा होता तिचा आवाज. गेवराईहून बीडला एसटीनं येता-जाता हलत्या गाडीत मला वाचता येत नाही, डोकं दुखतं. म्हणून ती रात्री कादंबरीचं एकेक प्रकरण वाचून फोनमध्ये भरायची आणि सकाळी मला पाठवायची. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच "थांबा हं, दूध बघते." माझ्या फोनात जागा नसायची, ऐकून झालं की पुसायचो. ती म्हणायची, "पुसा की खुशाल. माझ्याकडं वर सगळं हाय." वर म्हणजे क्लाउडवर. ते सगळं अजून तिथंच आहे.

तिचं खातं उघडायचं तर ओटीपी तिच्याच नंबरवर जातो. नंबर पुन्हा मिळतो का विचारायला फोन कंपनीच्या दुकानात गेलो.

"मॅडमला घेऊन या काका, अंगठा लागतो."

"त्या वारल्या."

"मंग नंबर बंद करायचा अर्ज द्या."

क्लाउडवाल्यांना मृत्यूचा दाखला पाठवला, लग्नाचा पाठवला. उत्तर आलं, खातेदाराच्या सुरक्षिततेसाठी आपली विनंती मान्य करता येत नाही. कोणापासून सुरक्षित? माझ्यापासून? जी बाई माझ्यासाठीच वाचत होती तिला जपायचं?

आणि याच काळात तिची ठेव मला विनासायास मिळाली. पावतीवर वारसदाराचा रकाना होता, त्यात तिनं माझं नाव लिहिलं होतं. दाखला, सही, काम झालं. पैशाला वारस असतो हे सगळ्यांना कळतं. आवाजाला असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

संभाजीनगरहून आलेला सल्लागार माझा तक्ता बघून हसला. "एवढं काय लिहिलंय साहेब? पहिल्यातलं दुसऱ्यात उतरवा. सुरक्षा म्हणजे सुरक्षाच."

सुरक्षा म्हणजे सुरक्षाच नसते. पैशाची नियमावली दर वेळी एवढंच विचारते, तू तोच का? ते ठीक आहे, दारात चोर असू शकतो. क्लाउडची नियमावली मी दोनदा वाचली. ती विचारते, ही माहिती कोणाची, किल्ली कोणाकडं, हरवली तर परत कशी आणणार. शहाणे प्रश्न आहेत. पण ते विचारायचं सोडून सगळ्यांनी पैशाचंच कुलूप उचललं आणि दिसेल त्या दाराला ठोकलं. आमच्या सभासदांचे फोटो, सह्या, कागद आता तसेच वर चाललेत, आणि हा माणूस मला सांगतो, उतरवून काढा.

मी तक्त्यात एक ओळ वाढवली. खातेदार वारल्यास त्याची माहिती कोणाला आणि कशी मिळेल? आमच्या संस्थेपुढं लिहिलं, सोय नाही.

अध्यक्षांनी बोलावलं. "ही ओळ काढा. तपासणीत कुणी विचारत नाही."

"म्हणूनच लिहिली."

"तुमचं दुःख समजतं मला. पण घरचं हापिसात कशाला आणता?"

मी आयुष्यात वरिष्ठांपुढं आवाज चढवलेला नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हणालो, सही करीन ती या ओळीसकट, नाहीतर सल्लागारांची घ्या. तक्ता अजून त्यांच्या टेबलावर आहे, बिनसहीचा.

कादंबरी घरी आहे. तिनं वाचलं तिथवर पानात बसचं तिकीट घातलेलं आहे. पुढचं मी वाचलेलं नाही. क्लाउडवाल्यांना परवा पुन्हा लिहिलं.