डोमाजीकाकांच्या दाराची कडी

आमचे डोमाजीकाका अमरावतीच्या एका जिनात फिटर होते. सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात वीस वर्षं गेल्यानं त्यांचे कान अर्धे झाले होते, पण उरलेल्या अर्ध्यांचा त्यांना भारी अभिमान. कुठलं चाक कुरकुरतंय, कुठला पट्टा सैल झालाय, हे ते न बघता सांगत. माणसाचं बोलणं मात्र दोनदा सांगावं लागे.

एकसष्ट साली त्यांनी वलगावजवळच्या आमच्या गावी घराचं तोंड बदलायला काढलं. मी तेव्हा शाळेसाठी त्यांच्याकडेच राहत होते. टिनाचं जुनं कवाड जाऊन सागवानी दार येणार होतं. चौकट करताना सूर्यभान सुतारानं विचारलं, "डोमा, वरच्या पट्टीवर गनपती कोरू ना?"

"नाई. पिंपयाचं पान कोर."

आम्ही बौद्ध होऊन पाच वर्षं झाली होती, तरी सवयीनं प्रत्येक जण एकदा विचारून बघेच. सूर्यभान म्हणाला, "तुही मर्जी. माही पटाशी काय, कशावरई चालते."

मग पाटी आली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, 'डोमाजी पुंजाजी तायडे'. पंचफुलाकाकूंना मण्यांचं तोरण हवं होतं, तेही लागलं. पण काकांचा जीव अडकला होता तो कडीत. दाराला बाहेरून वाजवायची कडी हवी, आणि ती ते स्वतः निवडणार.

त्याचं कारण सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. गावातलं माणूस आमच्या दारापर्यंत कधी येत नसे. खुशालराव पाटील, मोठ्या काळ्या वावराचे मालक, रस्त्यावरच्या कडुलिंबाखाली उभे राहून ओरडत, "ए डोम्या!" मग काकांनी धावत जायचं. काम खुशालरावांचं, आणि धावायचं मात्र काकांनी! मला त्या हाकेची चीड येई. काका चिडत नसत, ते कडी शोधत होते. एकदा तरी त्या माणसानं ओटा चढावा, दाराला हात लावावा आणि डोमाजी आहेत का म्हणून विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं.

एका रविवारी मला सायकलवर पुढं बसवून ते अमरावतीला लोखंडी सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "आतून लावाची का बाहेरून?"

"वाजवाची," काका म्हणाले.

मग त्यांनी एकेक कडी फळीवर आपटून पाहायला सुरुवात केली. एक फुटक्या गंज-पातेल्यासारखी बोलते म्हणून बाजूला, एक लाजते म्हणून बाजूला. दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली. शेवटी दुकानदार वैतागला. "कडी घेऊन राहिले का देवळाची घंटा?"

"अर्ध्या कानाच्या मानसाले ऐकू आली पायजे ना बापा!"

घेतली ती पितळेची होती, जाड, माझी अख्खी मूठ आत जाईल एवढी. पाटीखाली ती बसवली तेव्हा वस्तीतली बायामाणसं येऊन पाहून गेली. वाजवली मात्र कुणीच नाही. आमच्याकडे दिवसभर दार उघडंच, आणि येणारा रस्त्यातूनच बोलायला सुरुवात करून सरळ चुलीपाशी पोचायचा. कडी वाजवून कोण येणार?

काका दर रविवारी तिला चिंच लावून घासत. खुशालराव होते तिथंच, कडुलिंबाखाली. काकू म्हणायच्या, "एवढी घासून राहिले, तिले बकरी तरी बांधा!" बकरीला बांधायची गरज पडली नाही. शेजारच्या चतुराबाईंची बकरी ओट्यावर चढून त्या कडीवर शिंगं घासायला शिकली. कडी खणखणली की काका आतून ओरडत, "हाड!" कुत्रं असो की बकरी, त्यांचा शब्द एकच.

पुढचा वैशाख आला. रविवारची दुपार, झळा लागतात म्हणून दार बंद केलेलं, आम्ही तिघं आत पडलो होतो. कडी वाजली.

"हाड!" काका म्हणाले.

पुन्हा वाजली, जरा जोरात.

"हाड म्हनलं ना! तंगडं मोडीन!"

बाहेर काहीतरी खाकरलं. बकरी काही खाकरत नाही. काकूंनी उठून फटीतून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "आवो, खुशालराव हायेत. चालले वापस."

काका अनवाणीच तापल्या फुफाट्यात धावले. मी दारात उभी राहून पाहत होते. खुशालराव कडुलिंबापाशी वळले, रागानं लाल. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं, संत्र्याची झाडं सुकत होती, चार हाका मारून कुणी ओ दिली नाही म्हणून नाइलाजानं वर चढले, तर ही तऱ्हा.

"हाड कोनाले म्हनून राहिला तू?"

"बकरीले," काका म्हणाले. "बारा महिने झाले कडी लावून. मानूस वाजवाले आलाच नाई, तं मले कसं समजन?"

खुशालरावांनी दारावरच्या कडीकडे पाहिलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, चाल आता. इंजिन पाह्य."

"येतो ना. पन आवाज द्या."

"समोर तं उभा आहेस!"

"आता नाई. घरात जातो. मंग बलवा."

मला वाटलं, आता हा माणूस जाणार आणि आमचं गावात काही खरं नाही. काका आत आले, दार लावलं आणि कडीकडे कान करून उभे राहिले. त्यांचे पाय भाजले होते, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग ओट्यावर वहाणा वाजल्या. कडी खणखणली.

"डोमाजी आहेत का घरी?"

काकू लगबगीनं दाराकडे निघाल्या. काकांनी त्यांचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"थांब," ते म्हणाले. "अजून एक डाव वाजू दे."