लाल लेबलांच्या कुंड्या

मृणालच्या प्रयोगातील ज्या गव्हाला पाणी द्यायचे नव्हते, त्याला पाणी मी घातले. सलग चार दिवस, दुपारी दीड वाजता, माझ्या स्वतःच्या हाताने. हे प्रारंभीच सांगून टाकते. कारण पुढे जे सांगणार आहे त्यात हशा पुष्कळ आहे, आणि हसता हसता माझा वाटा विसरला जाऊ नये.

प्रयोगशाळेत किस्से इतके का साठतात, हे मला तिथे जाऊ लागल्यावर उमगले. यंत्र एकदा सुरू केले की ते दोन तास कोणाचे ऐकत नाही. त्या दोन तासांत माणसांनी काय करावे? चहा येतो, कचोरी येते आणि गोष्ट निघते. शाळेत तास पस्तीस मिनिटांचा, त्यामुळे आम्हा शिक्षकांचे किस्से आखूड राहिले. यांचे मात्र ऐसपैस वाढलेले!

*

मी इकडे माळव्यात, सुदामा नगरात राहते. छत्तीस वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झाले. शिरीष माझा जुना विद्यार्थी. आता भंवरकुआंकडील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आणि पीएचडी करणाऱ्या मृणालचा मार्गदर्शक.

एके दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर हवंय."

झाले होते असे, की शीतपेटीतील नळ्यांवर मुलांनी साध्या पेनाने नावे लिहिली. स्पिरिटचा हात लागला आणि सगळी नावे पुसून गेली. शिरीषने एक नळी उचलून विचारले, "हे काय आहे?"

मृणाल म्हणाली, "सर, गेहूँ आहे, इतकं पक्कं."

"कोणता गहू? कोणत्या दिवसाचा?"

मृणालने नळी उजेडात धरली, नीट पाहिली आणि गंभीरपणे उत्तर दिले, "सर, आपलाच!"

पुढच्या सोमवारपासून मी रोज दहा ते तीन तिथे जाऊ लागले. लेबले माझ्या हातची आणि पाण्याचे रजिस्टरही माझ्या हातचे. पाणी मिळणाऱ्या कुंड्यांना हिरवे लेबल, न मिळणाऱ्यांना लाल.

*

कुंड्या जिथे ठेवतात त्या जाळीघराची देखभाल मांगीलालजी करतात. देपालपूरकडचे, बोलणे सगळे हिंदीत, मध्येच माळवी. एकदा एका शाळेची मुले प्रयोगशाळा पाहायला आली. शिरीष मीटिंगमध्ये, मृणाल यंत्रापाशी. मग मांगीलालजीच उभे राहिले.

"देखो बच्चों, तुमको धूप लगे तो छाँव में भाग जाओ. गेहूँ कहाँ भागेगा? तो जड़ पत्ते को खबर भेजती है कि नीचे पानी खतम. पत्ता अपने छेद बंद करता है, और अंदर धड़ाधड़ चिट्ठियाँ निकालता है — ये बनाओ, वो बचाओ. अपन पत्ता तोड़के जमा देते हैं और चिट्ठियाँ गिन लेते हैं. जितनी चिट्ठियाँ, उतनी तकलीफ."

पुढच्या रांगेतील एक मुलगी उठली. "अंकल, दूसरों की चिट्ठी पढ़ना तो गलत बात है न?"

मांगीलालजी म्हणाले, "तभी तो पीएचडी करनी पड़ती है, बेटा!"

पुस्तकात मी नंतर वाचले, की या चिठ्ठ्यांना आरएनए म्हणतात. मूळ ग्रंथ पेशीच्या आत जागच्या जागी राहतो आणि संकट आले की त्यातील नेमकी पाने उतरवून घेतली जातात. आठ पाने वाचून मला जे कळले, ते त्या मुलांना दोन मिनिटांत कळले होते. पाठ घेणे मी अनेकांना शिकवले. मांगीलालजींना शिकवण्याची गरज नव्हती.

*

आरएनए ही फार नाजूक वस्तू. माणसाच्या बोटांवर, थुंकीत असे काही असते की ते लागले तर ती मिनिटांत नष्ट होते. मृणाल हातमोजे आणि मास्क चढवून बसली की जवळून कोणी गेलेलेही तिला चालत नसे.

एकदा तिच्या वहीतील एक क्रियापद मला खटकले. मी तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "मृणाल, हे वाक्य असे नव्हे..."

"बाई, बोलू नका!" ती ओरडली. "प्लीज, श्वास पण तिकडे घ्या!"

छत्तीस वर्षे मी वर्ग गप्प बसवले. मला गप्प बसवणारी ही पहिली मुलगी, आणि तिचे म्हणणे बरोबर होते. मी निमूटपणे दारापाशी जाऊन श्वास घेतला.

*

उष्णतेचा ताण देण्यासाठी एक पेटी हवी होती. कंपनीची परवडेना, म्हणून शिरीषने सांवेर रोडवरील एका कारखानदाराला चित्र काढून दिले. त्याने चित्र उभे धरले, आडवे धरले आणि विचारले, "भिया, इसमें सिकेगा क्या? टोस्ट?"

"नाही हो, गेहूँ के छोटे पौधे रखने हैं. बयालीस डिग्री पे."

"काहे?"

"देखना है, गर्मी में वो क्या करते हैं."

कारखानदार हळहळला. "अरे भिया, इतना पढ़-लिखके गेहूँ को सताते हो? पिसवाके रोटी खा लो, किस्सा खतम!"

पेटी आली, दिसायलाही छान. परंतु पहिल्याच दिवशी तिचा काटा बेचाळीसला थांबला नाही. दार उघडले तेव्हा आत रोपे नव्हती, खमंग वास होता. शिरीष डोक्याला हात लावून बसला. मांगीलालजींनी आत डोकावून विचारले, "साब, सेंव डाल दूँ?"

*

आता माझा किस्सा. यात हसण्यासारखे फार नाही.

पौषातले दिवस होते. लाल लेबलांच्या बावीस कुंड्यांचे पाणी बंद होऊन नववा दिवस लागला होता. बारा दिवस पूर्ण झाले की पाने तोडायची आणि गोठवायची. एरवी कुंड्या रोज तोलून माती किती सुकली ते पाहतात. परंतु वजनाचा काटा दुरुस्तीला गेला होता. माती कोरडी असल्याचा पुरावा एकच, माझे रजिस्टर. मृणालचा सारा प्रबंध या एका प्रकरणासाठी अडला होता, आणि पुण्यातील एका संस्थेने तिला जागा देऊ केली होती: उन्हाळ्यापर्यंत प्रबंध सादर झाला तर.

दीड वाजता जाळीघरात मी एकटीच होते. पाने सुईसारखी गुंडाळून माना टाकून बसली होती. शेजारी हिरव्या लेबलांची रांग टवटवीत. दोन्ही लेबले माझ्याच अक्षरातली. कोणी जगायचे आणि कोणी सुकायचे, हे जणू मीच लिहून दिले होते. हातात पाण्याची बाटली होती. प्रत्येक कुंडीत दोन-दोन घोट टाकले. दुसऱ्या दिवशी घरून मोठी बाटली नेली.

रजिस्टर मी नियमाप्रमाणे सकाळी दहाला लिहीत असे: "लाल रांग — पाणी दिले नाही." दहा वाजता ते सत्य होते. दीड वाजता ते असत्य झाले, आणि मी ते दुरुस्त केले नाही. मुलांच्या वहीतील एक मात्रा सोडली नाही आयुष्यभर!

बाराव्या दिवशी दुपारी अडीचला मृणाल धावत आली. "सर, चला ना, बघा! बारा दिवस कोरडे, आणि पत्ते खुलले आहेत! काय टफ जात आहे ही!" तिने आईला फोन केला, सर्वांना जिलेबी आणली. पहिला तुकडा मला दिला. "बाई, तुमच्या हाताला यश आहे."

ती जिलेबी मी खाल्ली.

*

यंत्राने मात्र निराळेच सांगितले. लाल रांगेतल्या पानांत चिठ्ठ्या हिरव्या रांगेइतक्याच. संकट आल्याची कुठे नोंदच नाही. झाड टणक असते तर त्याने अधिक चिठ्ठ्या काढल्या असत्या. याने तर काहीच काढले नव्हते.

शिरीष म्हणाला, "एक तर तुझे नमुने बदलले, नाही तर यांना पाणी मिळालंय."

मृणालने आरएनए पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढला. रसायने नवी मागवली, यंत्र तपासून घेतले. मग शिरीषने मांगीलालजींना बोलावले. "सच बताओ, पाणी तुम्ही टाकलं?"

मांगीलालजी खाली पाहत उभे राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

मृणालने दबक्या आवाजात सुचवले, "सर, एकदा रजिस्टर पण बघूया का?"

शिरीष फटकन म्हणाला, "बाईंच्या रजिस्टरवर शंका? मग सूर्य पूर्वेला उगवतो का, ते पण चेक कर!"

सगळे हसले. मी लेबल लिहीत होते. माझे अक्षर त्या दिवशीही सुरेखच आले.

तेव्हा जानेवारी संपला नव्हता. तेव्हा बोलले असते, तर उशिराची का होईना, दुसरी पेरणी साधली असती. मी बोलले नाही. पाणी घातले ते दयेने. गप्प राहिले ते केवळ माझ्या नावासाठी. ऊन चढले, रब्बी हंगाम सरला, आणि मृणालने पुण्याला पत्र लिहिले की या वर्षी जमणार नाही. पत्राचा मसुदा तिने तपासायला मला दिला. त्यात एकही चूक नव्हती.

*

त्याच दुपारी शिरीषच्या खोलीत मी सर्व सांगितले. मांगीलालजी धरून चौघेच होतो.

शिरीष खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. मृणालने वही उघडली.

"किती पाणी, बाई?"

"पहिल्या दिवशी अर्धी बाटली. नंतरचे तीन दिवस लिटरची एक."

"बावीस कुंड्यांत? सारखं?"

"डावीकडच्या कोपऱ्यातल्यांना थोडे अधिक. त्या फार वाकल्या होत्या."

तिने सगळे उतरवून घेतले. मग पेन ठेवले. "जनवरीत सांगितलं असतंत ना, तर मी खूप चिडले असते. भांडले असते तुमच्याशी. आता चिडून काय करू?"

मी म्हटले, "आभारांतून माझे नाव काढून टाक. आणि मी उद्यापासून येणार नाही."

"असं नाही चालायचं," मृणाल म्हणाली. "नाव आभारात नसेल. पद्धतीच्या प्रकरणात असेल: पहिला प्रयोग का बाद झाला, ते. पूर्ण नावाने."

"बाईंचं नाव?" शिरीष चपापला. "'एका व्यक्तीने' असं लिही ना."

"पूर्ण नाव लिही," मी म्हणाले. "मांगीलालजींवर तीन महिने संशय राहिला. तो लेखी दूर झाला पाहिजे."

मग ठराव झाला. येत्या रब्बीत प्रयोग पुन्हा करायचा. लेबले माझ्याच हातची, रजिस्टरही माझेच. पाणी बंद असलेल्या बारा दिवसांत मी रोज दहा ते तीन जाळीघरात लाल रांगेसमोर बसायचे आणि दर तासाला पाने किती वळली ते लिहायचे. "बाई, तुम्ही फक्त बघायचं," मृणाल म्हणाली. "हात लावायचा नाही, फक्त बघायचं."

मी मान्य केले. शिरीषने मान्य केले. मांगीलालजी दारापाशी उभे होते, त्यांना विचारले.

ते म्हणाले, "दो कुर्सी रखवाना, साब. मैं भी बैठूँगा. अकेले में हाथ चल ही जाता है, मेरा भी."

शिरीषने ठरावाच्या कागदावर एक खुर्ची खोडून दोन लिहिल्या, आणि चौघांनी सह्या केल्या.