मूळ चित्रावरून

दिवाणखान्यात टांगायला इतिहास लागतो, हे मला या कामात पडल्यावर कळलं. शाळेतली चित्रकलेची नोकरी संपल्यापासून मी रत्नागिरीत घरबसल्या जुन्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रती करून देते. किल्ले, देवळं, नदीचे घाट. गिऱ्हाईक येतं ते सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन. "मॅडम, किल्ला या रंगाला जाईल ना?" एका बाईंना बुरुजाची पडझड नको होती, घरात अशुभ म्हणे. एकाने घाटावरची माणसं काढायला लावली, कारण ती गरीब दिसत होती. मी हो हो म्हणते आणि मनात शिव्या घालते. पण खरी किळस आली ती माझ्या माहेरच्या देवळाच्या चित्रापायी.

आमचं गाव हातखंब्यापासून आत. देवळाचा सभामंडप लाकडी होता. पूर्वी कधीतरी आजोबांकडे मुक्कामाला आलेल्या एका चित्रकाराने त्याचं जलरंगात चित्र केलं होतं, खांबाखांबाचं माप घेऊन. बुटका, काळोखा मंडप, नळीच्या कौलांचं छप्पर पार खाली उतरलेलं, खांबांच्या माथ्याला कोरलेले पोपट आणि शेणाने सारवलेली जमीन. ते चित्र पुढे माझ्याकडे आलं.

काही वर्षांपूर्वी गावाने देऊळ नवं करायचं ठरवलं. गावाने म्हणजे देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांनी. रीतीप्रमाणे देवाचा कौल घेतला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगाला फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. डावा पडला. "फुलं शिळी होती," अध्यक्ष म्हणाले. ताजी आणली. पुन्हा डावा. मग म्हणे प्रश्नच चुकला, 'जुनं मोडू का' असं नको, 'नवं बांधू का' असं विचारा. मनासारखं उत्तर मिळेपर्यंत पोराला वर्गात डांबावं, तसं उजवा पडेपर्यंत देवाला सोडलं नाही.

आता तिथे काँक्रीटचं देऊळ आहे. आत बाथरूमला लावतात तसल्या टाइल्स, वर गुलाबी कळस, दाराशी सिमेंटचे दोन हत्ती. आणि ते खांब? कळस चढवला त्या दिवशी महाप्रसादाच्या चुलाणात घातले. "सुका लाकूड, काय धडाडून पेटला!" पंगतीत शेजारी बसलेला माणूस भात कालवता कालवता मला कौतुकाने सांगत होता. पान तसंच टाकून मी उठले.

त्याच अध्यक्षांनी गावात मोठा बंगला बांधला आणि एक दिवस ते माझ्या दारात हजर. "ताई, आपल्या जुन्या देवळाचं चित्र हॉलमध्ये पाहिजे. चांगलं मोठं. आल्यागेल्याला कळलं पाहिजे, आपण कुठले ते."

मोडणारा हाच आणि आठवण टांगणाराही हाच! दार लावून घ्यावंसं वाटलं. तरी मी हो म्हटलं. देऊळ तर गेलंच होतं. निदान गावातल्या एका भिंतीवर ते होतं तसं राहील, पुढची पोरं बघतील. मला तेवढंच हवं होतं.

काम निम्म्यावर आलं तेव्हा ते बघायला आले. मोबाइलवर मूळ चित्राचा फोटो काढला, माझ्या कॅनव्हासचाही काढला. मग नाक मुरडलं. "काळोख फार वाटतो, ताई. वर कळस दाखवा, त्याशिवाय धर्मशाळा दिसते. खाली मार्बल करा. आणि पोपट कसले? दोन्ही बाजूंना हत्ती टाका, भारदस्त दिसेल."

"तिथे हत्ती नव्हते," मी म्हटलं.

"आता कोण बघायला जातंय?"

मी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला आणि त्यांना दार दाखवलं. ते हसतच गेले. त्यांचं काय अडणार होतं? फोटोवरून रंगवून देणारे हल्ली पैशाला पासरी मिळतात.

त्यांच्या वास्तुशांतीला मी जाणारच नव्हते. आत्या हटून बसली म्हणून तिला घेऊन गेले. आत्याने लग्न केलं नाही, ती गावातच राहिली, आणि तो मंडप तिने जन्मभर झाडला, सारवला. वय झालं तरी बुद्धी खणखणीत. कुणाच्या बारशाला काय जेवण होतं, तेसुद्धा सांगेल.

हॉलमध्ये सोफ्याच्या वर ते चित्र होतं. गुलाबी कळस, चकचकीत फरशी, सोंड उचललेले दोन हत्ती. खाली पितळी पट्टी: 'मूळ चित्रावरून, हाताने रंगवलेले'. कुणीतरी चौकटीला हळदकुंकूही लावलं होतं. बायका येऊन हात जोडत होत्या. मी बाहेर जायला वळले. पण मी आत्याकडे बघत थांबले. म्हटलं, आता ही तोंड उघडेल. चारचौघांत सुनवायला आत्या कुणाच्या बापाला भीत नाही.

ती जवळ गेली. चष्मा सारखा करून बघत राहिली. मग डोळ्यांना पदर लावला.

"असाच व्हता गो बाय," ती म्हणाली. "ह्ये हत्ती बघ. ल्हानपनी आमी ह्येंच्यावर बसून खेलायचो."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

संध्याकाळी तिला रत्नागिरीला माझ्या घरी आणलं. मूळ चित्र भिंतीवरून उतरवलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिने खांबांवरून बोट फिरवलं, पोपटांवरून फिरवलं, सारवलेल्या जमिनीवरून फिरवलं.

"चांगला हाय," ती म्हणाली. "कुठचा गो ह्यो देऊळ?"