धाकट्या जावेच्या बांगड्यांचं माप

माझी धाकटी जाऊ सुलभा कासारणीपुढे बसली की हात पुढे करून डोळे मिटून घ्यायची आणि बांगड्या चढल्या की विचारायची, "कितीच्या बसल्या?" नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास ती लग्न होऊन वसईजवळ पापडीला आमच्या घरी आली, तेव्हा दोन-चारच्या बसल्या. मला दोन-सहाच्या लागत. सासूबाईंनी हे आळीभर सांगितलं. निमुळत्या बोटांनी ती वाडीतला मोगरा असा ओवायची की माझा गजरा कुणी हातात घेईना. मी तिचा हेवा करायची, हे आधीच सांगून टाकते.

पुढे माप वाढलं. दोन-सहा, मग दोन-आठ. लग्नातली अंगठी साबण लावूनही निघेना. "खाल्लेलं अंगी लागतंय हो वहिनी, दुसरं काय?" म्हणत ती हसायची. सासूबाई म्हणायच्या, "घर मानवलं हिला." पाटल्या घट्ट झाल्या तेव्हा त्यांनी स्वतःचं सोनं घालून त्या वाढवून दिल्या. मी तिच्या आधी या घरात आले, मला कुणी विचारलं नाही. नुसता जळफळाट झाला.

मग तिची पाळी थांबली. सासूबाईंना नातवाची आशा लागली आणि माझी झोप उडाली. महिने गेले, काहीच नव्हतं. तिचं नाक पसरलं, जबडा पुढे आला, आवाज घोगरा झाला. ती आरसा टाळू लागली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

एके दिवशी वाडीत बाजूने आलेली सायकल तिला दिसलीच नाही. ती पडली. वसईच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचे हात पाहून विचारलं, "हे कधीपासून?" भाऊजी म्हणाले, "पहिल्यापासून अशीच आहे."

मी सांगितलं. कोणत्या श्रावणात कितीच्या बांगड्या बसल्या, चपलेचं माप कधी बदललं, आवाज कोणत्या दिवाळीपासून उतरला, सगळं. डॉक्टर लिहीत राहिले. मग म्हणाले, "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. तिच्यात गाठ आहे. त्यामुळे वाढीचं हार्मोन जास्त सुटतंय, पाळीही त्यामुळेच थांबली. आता गाठ नजरेच्या शिरा दाबतेय. एवढं तुम्हाला दिसत होतं, तर आधी का नाही आणलंत?"

मी पदराचं टोक चाळवत बसले.

नाकातून शस्त्रक्रिया करून गाठ काढली. समोरची नजर वाचली, बाजूची गेली ती गेलीच. वाढलेली हाडंही तशीच राहिली. दवाखान्यात तिने माझा हात धरला. "वहिनी, या घरात माझ्याकडे एवढं मन लावून तुम्हीच बघितलंत."

नंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. काही वर्षांनी हृदयाने दगा दिला आणि ती गेली. दहाव्याला आलेल्या बायका मला म्हणाल्या, "जावेवर असा जीव लावणारी आम्ही पाहिली नाही." मी कुणालाही नाही म्हटलं नाही.