वळून बघणारे मामा

माझ्या चुलतसासऱ्यांइतका, म्हणजे आमच्या मामांइतका, मागे वळून बघणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. लोक पुढे बघून चालतात, हे मागे बघून चालायचे. घरातून निघाले की उंबऱ्यात एकदा, अंगणात एकदा आणि कोपऱ्यावरच्या लिंबापाशी एकदा, असे तीनदा वळायचे. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटलं, यांचं रोज काहीतरी घरी विसरतंय. पाचव्या दिवशी मी पिशवी, चष्मा आणि अडकित्ता हातात घेऊनच दारात उभी राहिले आणि अदबीने विचारलं, "मामा, काय राहिलं?" ते म्हणाले, "काय न्हाई सूनबाई. आपण गेल्यावर मागं काय होतंय, ते बघतोय." मागे काय व्हायचंय? मागे चुलतसासूबाई भाकरी थापत होत्या आणि मांजर दुधाच्या पातेल्याकडे बघत होतं. हे घराणं जरा वेगळं आहे, एवढं मी मनाशी नोंदवलं आणि पिशवी खुंटीला अडकवली.

या सवयीचं मूळ पाण्यात होतं. धारूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं तळं आहे. सरकारी कागदात त्याला भारदस्त नाव आहे, आम्ही तळंच म्हणतो. गावच्या मच्छीमार सोसायटीने त्या तळ्यासाठी एक लाँच घेतली, म्हणजे मशीन बसवलेली लोखंडी होडी, आणि तिच्यावर चालक म्हणून मामांना नेमलं. बाकी तळ्यावर सगळा चिल्लर कारभार होता. सभासद थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकायचे. आणि एक काहील होती. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची मोठी कढई. गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा ती कुणीतरी पाण्यात सोडली आणि ती तरंगली. ही काहील म्हणजे माझं वाहन. पलीकडच्या वस्तीवरच्या शाळेत मी शिक्षिका होते. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस जायचा. म्हणून वस्तीवरची अंगणवाडीची ताई काहील वल्हवायची आणि मी मधोमध मांडी घालून देवाचं नाव घ्यायची. काहिलीला पुढचं-मागचं तोंड नसतं, त्यामुळे ती गरगर फिरत जाते. मला आळीपाळीने शाळा दिसायची आणि सासर दिसायचं. पोहायला मला ओ की ठो येत नव्हतं.

मामांचं म्हणणं साधं होतं. लाँच जाते तिथे पाणी फाटतं, त्याची लाट होते, पण ती लाट लाँचला काहीच करत नाही. ती मागे मागे पसरत जाते आणि कुठल्यातरी तराफ्याला जाऊन धडकते, तोवर लाँचवाला पार पुढे गेलेला असतो. "लाट आपण गेल्यावर पोचती, सूनबाई," ते मला सांगायचे. "म्हणून तर मारणाऱ्याला कळत न्हाई." म्हणून समोर एखादा तराफा दिसला की हे लांबूनच मशीन बंद करायचे, हाताची घडी घालून थांबायचे, तो तराफा आरामात निघून गेला की मग मशीन सुरू, आणि मग पुढचा सगळा वेळ मान मागे. एकदा ते एका मोकळ्या घागरीसाठी थांबले. एकदा तर पाण्यात बसलेल्या म्हशीचं डोकं दिसलं म्हणून थांबले. काठावर बर्फाचा पिकअप उभा, मासे उन्हात, सोसायटीचे चेअरमन डोक्याला हात लावून बसलेले. चेअरमन आणि मामा लहानपणचे एका पाटीवर लिहिलेले मित्र, त्यामुळे भाषेला काही धरबंध नव्हता.

"कावून थांबलता बे एवढा येळ?"

"म्हस व्हती."

"म्हशीला पवता येतं."

"येतं की. पर आपण तिला इचारलं न्हाई ना."

जमिनीवर आले तरी तेच. त्यांच्या मोपेडसमोर पायी चालणारं कुणी आलं की मोपेड खाली पाय टेकून ढकलत न्यायचे, कारण "धुरळा बी लाटच हाय." एकदा धुरळा उडवत गेलेल्या एसटीचा त्यांनी मोपेडवरून पुढच्या थांब्यापर्यंत पाठलाग केला आणि ड्रायव्हरला खाली उतरवून, अगदी शांतपणे, मागे रस्त्यात तोंडाला पदर लावून उभ्या असलेल्या बाया दाखवल्या. कपिलधारच्या जत्रेत धबधब्याखाली माणसं मजेत भिजत असताना हे एकेकाला पोहता येतं का विचारत हिंडले. आणि बोलण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. सकाळी भाकरी कडक झाली म्हणून चुलतसासूबाईंना एक शब्द बोलले, की दुपारी तळ्यावरून खास तेवढ्यासाठी परत यायचे. दारात उभे राहून विचारायचे, "लागलं का गं तुला?" सासूबाई म्हणायच्या, "सकाळी नव्हतं लागलं. आता मातूर डोकं दुखाया लागलं."

पण त्यांचा खरा कहर म्हणजे डबे. गावातल्या किराणा दुकानातून, हॉटेलांतून, लग्नाच्या आचाऱ्यांकडून मामा गोडेतेलाचे पाच-पाच लिटरचे रिकामे डबे गोळा करायचे. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं रबर बसवून ते घट्ट बंद करायचे आणि दोन-दोन डब्यांची एक दोरी करून सभासदांच्या पाठीला बांधायला लावायचे. विहिरीत पोरं पोहायला शिकताना बांधतात, तसेच. प्रत्येक डब्यावर लाल रंगाने नाव. माझ्या डब्यांवर ठळक अक्षरात 'सूनबाई' लिहिलेलं होतं. डब्यांशिवाय काहिलीत पाय ठेवायचा नाही, हा हुकूम. काठावर ताई माझ्या पाठीला दोरी आवळायची तेव्हा मामा आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि तळ्याकडे बघत विचारायचे, "बसली का गाठ?" सासरेपणाची मर्यादा म्हणून तेवढ्या एकाच वेळी ते मागे वळून बघत नसत. एकदा ताईची दोरी निरगाठीची बसली, ती काही केल्या सुटेना आणि मी तशीच वर्गात गेले. नेमके त्या दिवशी केंद्रप्रमुख तपासणीला आलेले. त्यांनी माझ्या पाठीकडे बराच वेळ बघितलं आणि शेरेबुकात लिहिलं, 'शैक्षणिक साहित्याचा वापर दिसून आला.' घरी येऊन मी रागाने डबे कोपऱ्यात फेकले. मामांनी ते उचलले, कानाशी धरून हलवून पाहिले, पाणी शिरलं नाही याची खात्री केली आणि परत खुंटीला लावले.

मग तो दिवस आला. सोसायटीला बर्फखाना पाहिजे होता आणि तो मंजूर करणं एका मोठ्या नेत्यांच्या हातात होतं. नेते तळं बघायला येणार, त्यांना लाँचमधून फिरवायचं ठरलं. आदल्या दिवशी चेअरमन घरी आले आणि चहाचा कप खाली ठेवून मामांना म्हणाले, "उद्या एक दिवस थांबायचं न्हाई आन् मागं बघायचं न्हाई. ऐंशी घरांचा प्रश्न हाय. वचन दे."  मी स्वयंपाकघरातून बघत होते. खरं सांगते, मलाही वाटत होतं की यांनी एक दिवस तरी चारचौघांसारखं वागावं. मामांनी वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही काहिलीतून परत येत होतो. लाँच समोरून आली. हार घातलेले नेते उभे होते, चेअरमन त्यांना हात करून काहीतरी दाखवत होते आणि लाँच कधी नव्हे ती सुसाट सुटली होती. मी कौतुकाने हातसुद्धा हलवला. मामांनी आमच्याकडे बघितलं नाही. लाँच बाजूने निघून गेली, पाणी क्षणभर शांत राहिलं, आणि मग लाट आली. पहिल्या लाटेने काहील उचलली, दुसरीने कलती केली, तिसरी सरळ आत आली. लोखंडी कढईच ती, वाटी बुडावी तशी गेली. पायाखालचं सगळं नाहीसं झालं आणि नाकातोंडात पाणी गेलं. मला मोठ्याने ओरडायचं होतं पण तोंड उघडताच पाणी आत. आणि तेवढ्यात पाठीवरच्या त्या दोन वेड्या डब्यांनी मला मानेला धरून वर आणलं.

पुढचं मला चेअरमननी सांगितलं. म्हणाले, लाँचवर मामांची मान सारखी थरथरत होती. दात आवळून ते पुढे बघत होते, आणि मग राहवलं नाही, वळले. वळले आणि लाँच अशी गरकन फिरवली की नेत्यांच्या गळ्यातला हार पाण्यात गेला. पण तशा घाईतही आमच्यापासून लांबच त्यांनी मशीन बंद केलं आणि बांबू टेकत, टेकत लाँच जवळ आणली. ताई पोहत माझा दंड धरून होती. मला वर घ्यायला मामा आणि दस्तुरखुद्द नेते, दोघांनी हात लावला. कडक इस्त्रीचे कपडे ओलेचिंब झालेले नेते माझ्या पाठीकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "बाईंच्या पाठीला हे काय हाय?" ताई धापा टाकत म्हणाली, "तेलाचे डबे, साहेब. आमच्याकडं असंच असतंय."

काठावर आल्यावर मामांनी मशीनची किल्ली काढली आणि चेअरमनच्या हातात ठेवली. "एक दिवस तुझं ऐकलं," ते म्हणाले, "आन् लेकरू बुडवलं."

"वाचवलं बे तू तिला," चेअरमन म्हणाले. 

मामांनी ते ऐकलं नाही, की ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून ते लाँचवर चढले नाहीत. चेअरमन चारदा घरी आले, ऐंशी घरांतली माणसं आली. मी तर किती वेळा म्हणायला गेले की मामा, तुम्ही वळला म्हणून मी आहे. ते हात वर करायचे, "र्‍हाऊ दे सूनबाई," म्हणायचे आणि उठून जायचे. ज्या माणसाचे माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार, तो माझी नजर चुकवत होता. याचा मला त्या बुडण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

बर्फखाना मंजूर झाला, तोवर पाऊस दडी मारून बसला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तळं आटलं. लाँच भेगाळलेल्या गाळात कलंडून पडली. गावात टँकर यायचा, पलीकडच्या वस्तीवर टँकर जाईल असा रस्ताच नव्हता. तेव्हा मामांनी सगळ्या डब्यांची झाकणं उघडली. इतकी वर्षं ज्यांच्यात पाण्याचा थेंब शिरू नये म्हणून त्यांनी रबरं बसवली, ते डबे त्यांनी एकेक करून टँकरखाली भरले, बैलगाडीत घातले आणि कोरड्या तळ्यातून सरळ वस्तीवर नेले. रोज एक खेप. वस्तीवरच्या घरोघरी 'सूनबाई'चं पाणी, 'चेअरमन'चं पाणी जायचं. उन्हाळ्याच्या ऐन भरात वाटेतल्या गाळात एक लोखंडी कडा वर आलेली दिसली. माझीच काहील. मामांनी ती एकट्याने उकरून काढली, बैलांनी ओढून काठावर आणली आणि राखेने घासून पालथी घालून ठेवली. कशाला, ते कुणालाच सांगितलं नाही.

पुढे तळं भरलं. लाँचवर चेअरमनचा पुतण्या आला. मोटरसायकल उडवणारा पोरगा, म्हणून आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. त्याच वर्षी माझी बदली झाली. शेवटच्या दिवशी मी हट्ट धरला, की शाळेत जाईन तर काहिलीतून, आणि वल्हं मामांनी मारायचं. चुलतसासूबाई म्हणाल्या, "जावा की. पाण्यावर रुसून किती दिस बसणार?"  सकाळी मी पाठीला डबे बांधून काठावर गेले तर मामाही दोन डबे बांधून काहिलीशेजारी उभे होते.

तळ्याच्या मधोमध गेलो आणि समोरून लाँच आली. मामांचं वल्हं थांबलं. मी कडेला घट्ट धरून बसले. आणि लांबूनच लाँचचं मशीन बंद पडलं. त्या पोराने हाताची घडी घातली आणि आम्ही पार जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला. काहील नुसती किंचित हलली. मशीन पुन्हा सुरू झालं, लाँच पुढे गेली, आणि बरीच लांब गेल्यावर त्या पोराने मान वळवून मागे बघितलं.

मामांचे डोळे भरून आले होते. "बघितलं का," ते म्हणाले, "वळला त्यो."

"मामा," मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही वळला नसता तर मी आज इथं नसते." या वेळी त्यांना उठून जायला जागा नव्हती. काहील संथपणे फिरत होती, आणि त्यांना गाव, डोंगर, वस्ती सगळं दिसून पुन्हा माझ्याकडेच तोंड येत होतं. 

"दोरी ढिली झाली तुझी," ते म्हणाले. "सरक हिकडं." आणि त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि पहिल्यांदाच, स्वतःच्या हाताने, माझ्या खांद्यामागची गाठ ओढून घट्ट बांधली.

त्यानंतरच्या थंडीत मामा गेले. माझे ते दोन डबे आता बीडला माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला आहेत. शाळेच्या त्या शेवटच्या दिवशी घरी आल्यावर मी मामांनी बांधलेली गाठ सोडली नाही. श्वास रोखून, दोरी डोक्यावरून काढली. गाठ अजून तशीच आहे.