रात्र न होणारं गाव

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होते. नेहरू नगरात माझं शिवणकामाचं लहानसं दुकान आहे. पलीकडून निर्मला वहिनी म्हणाली, "ताई, हे उठूनच नाही राहिले वो..." आणि मी तिच्यावरच खेकसले, "उठून नाही राहिले म्हणजे? पाणी मारा तोंडावर!" रात्रपाळीला जायचं म्हणून दुपारी जेवून आडवा झालेला माणूस, तो उठलाच नाही. नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. मी कोहक्याला दादाच्या घरी पोचले तेव्हा खोलीतला पंखा सुरू होता, चष्मा उशाशी होता आणि टेबलावर लॅपटॉप अर्धवट मिटलेला होता. रडारडीत तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. माझं गेलं, आणि देवाशप्पथ सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आता गावाचं काय होणार?

हे गाव कोणतं, ते आधी सांगायला हवं. मधुकर, म्हणजे माझा दादा, इथल्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर होता. आमचे बाबा गोंदियाकडचे, रेल्वेत गार्ड. बदली होऊन दुर्गला आले आणि आम्ही इकडचेच झालो. दादाला दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूसुद्धा नाही. नाद एकच, कॉम्प्युटरवरचा एक खेळ. त्यात मारामारी नाही की गाड्यांची शर्यत नाही. जंगलाच्या कडेला एक गाव वसवायचं, बस. नखाएवढी माणसं. ती लाकडं तोडतात, विहिरीवरून पाणी आणतात, संध्याकाळी दारात दिवे लावतात, म्हातारी होतात आणि एखाद्या रात्री मरतात. कधी सकाळी एखादा नवा माणूस गावात येतो, त्याला आपण नाव द्यायचं. दादानं आम्हा सगळ्यांची नावं दिली होती. बाबांचं, आईचं, वहिनीचं, माझं. फक्त स्वतःचं नव्हतं. मी एकदा भांडले होते, "मले कायले लाकडं तोडाले लावलं रे? रानीसारखी बसवली असती!" तर म्हणाला, "तुले रिकामं बसवलं तं तू गावात भांडनं लावशीन."

बाबा वारले त्याच्या आधीपासून ते त्या गावात होते, आणि वारल्यावरही होते. तिथे त्यांचं वय झालं नव्हतं. मग एके दिवशी खेळ सेव्ह होत असताना, म्हणजे गाव जिथवर आलं तिथवर जपून ठेवलं जात असताना, लाइट गेली. लाइट आली तेव्हा फाईल उघडेना. दादानं सगळे उपाय केले, खुर्सीपारच्या एका दुरुस्तीवाल्याकडे कॉम्प्युटर नेऊन पाहिला. गेलं ते गेलं. कितीतरी दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. मी समजूत काढायला गेले तर म्हणाला, "बाबा दुसऱ्यांदा गेले, शोभे." मी म्हटलं, "अरे, मंग नवीन गाव कर. एखाद्या मानसाले बाबांचं नाव दे." तो माझ्याकडे असा पाहत राहिला जसं मी काहीतरी अमंगळ बोलले. "नाव देल्यानं कोनी बाबा होते का?" म्हणाला.

नवं गाव त्यानं केलं, पण त्यात बाबा नव्हते. आई होती. आणि या वेळी तो फाईल डोळ्यांत तेल घालून सांभाळू लागला. कोक ओव्हनची भट्टी वर्षानुवर्षं थंड होऊ देत नाहीत. थंड झाली की आतल्या विटा फुटतात, आणि फुटलेली भट्टी पूर्वीसारखी होत नाही. म्हणून तिथला माणूस पुढच्या पाळीच्या माणसाला चार्ज दिल्याशिवाय जागचा हलत नाही. तोच नियम यानं घरात लावला. गावाची एक प्रत लॅपटॉपवर. दुसरी हार्ड डिस्कवर, ती लोखंडी कपाटात, आईच्या लुगड्यांमध्ये गुंडाळलेली. तिसरी पेन ड्राइव्हवर, ती माझ्याकडे, कारण एका घराला आग लागली, चोरी झाली, तर दुसरं घर असावं. गावात काही बदल झाला की स्वारी माझ्या दुकानी हजर. बटणांच्या डब्यातून पेन ड्राइव्ह काढायचा, नवी प्रत भरायची, पुन्हा ठेवायचा. मी म्हणायची, "बाप्पा! सोनं ठेवाले आल्यासारखा येते हा." तो चहा प्यायचा आणि हसायचा.

आई गेली तेव्हा तो ड्यूटीवर होता. सगळं आटोपल्यावर, पाहुणे परतल्यावर, त्यानं खेळ उघडला. तिथे आई होती. केस पांढरे झालेले, वाकलेली, त्या गावातली सगळ्यात म्हातारी. त्या खेळात म्हातारी माणसं रात्रीच मरतात. अंधार पडला की एका दमात सकाळ होते, आणि सकाळ झाली की खेळ आपोआप सेव्ह होतो, मग मागे जाता येत नाही. दादानं सरळ हिशेब केला. रात्रच होऊ द्यायची नाही. दिवेलागणीच्या थोडं आधी त्यानं गाव सेव्ह केलं आणि तिथेच थांबवलं. रोज चहाच्या वेळी उघडायचा, आई विहिरीवरून घागर घेऊन यायची, दारात दिवा लावायची, आत जाऊन दार लोटायची. अंधार पडायच्या आत हा सेव्ह न करता खेळ बंद करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच संध्याकाळ. वर्षानुवर्षं, तीच.

मी हे ऐकून होते, पण डोक्यात नीट शिरलं ते प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा. एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेले होते. लॅपटॉपमधून रातकिड्यांचा आवाज येत होता. वहिनी स्वयंपाकघरातून, पडद्याकडे न पाहता, मला आधीच सांगत होती. "आता बकरी कुंपनात अडकन... अडकली? आता ते शोभा कुऱ्हाड खाली ठेवन... आता सासूबाई निंगतीन." आणि तस्संच होत होतं. आई निघाली. ती नखाएवढी बाई कमरेवर घागर घेऊन अगदी आईसारखी एका बाजूला कलत चालत होती. खेळातल्या सगळ्याच बायका तशा चालतात, हे मला नंतर कळलं. तिनं दिवा लावला आणि त्याच वेळी इकडे वहिनीनं देव्हाऱ्यात दिवा लावला. दादा हळूच म्हणाला, "झोप आता आई," आणि खेळ बंद केला. "बंद कर रे हा चाळा," मी ओरडलेच. "मेलेल्या मानसाले असं रोज उठवते का कोनी?" तो म्हणाला, "मी कुठं उठवतो? मी फक्त कायमचं झोपू देत नाही." नंतर कितीतरी दिवस संध्याकाळ झाली की माझ्या कानात ते रातकिडे वाजायचे.

जायच्या थोडे दिवस आधी तो दुकानात आला. पूर्वीसारखा पेन ड्राइव्ह मागितला, भरला. पण या वेळी मला मशीनवरून उठवून शेजारी बसवलं आणि फाईल कुठून उघडायची, बंद करताना कोणत्या बटणाला हात लावायचा नाही, सगळं दोनदा करून दाखवलं. "आता तू करून दाखव," म्हणाला. मी वैतागले. "मले कायले शिकवून राहिला? तुझं गाव, तूच पाह्य." तो म्हणाला, "चार्ज देऊन ठेवतो. आत थोडा बदल केला आहे, पाहशीन." त्याच्या कपाळावर घाम होता. उन्हाचा असेल असं मला वाटलं.

तेरवी झाली. घर रिकामं झालं. वहिनी आणि मी दोघीच उरलो आणि चहाची वेळ झाली, तशी ती म्हणाली, "ताई, उघडा ना." मी उघडलं. जंगलाकडून येणाऱ्या रस्त्यावर एक माणूस होता. डोक्यावर लाकडांची मोळी, चाल संथ. मी माउसचा बाण त्याच्यावर नेला तर नाव आलं, मधुकर.

वहिनीनं तोंडाला पदर लावला. मग हळूहळू तिनं सांगितलं. नवा माणूस सकाळीच येतो, तेव्हा नवा माणूस हवा तर रात्र जाऊ द्यावी लागते. "त्या दिवशी यायनं खेळ बंदच नाही केला. अंधार पडला तं हात जोडून बसले होते. मी म्हटलं, काय झालं? मंग सकाळ झाली आतमंधी, सासूबाई घागर घेऊन बाहेर आल्या, तं हे रडले, ताई. लेकरावानी रडले." म्हणजे त्यानं आईला पणाला लावून स्वतःला आत घातलं होतं. आई वाचली, हा आला, आणि मग पुन्हा दिवेलागणीच्या आधी त्यानं गाव थांबवलं. का केलं असेल? त्याला काही कळलं होतं का? वहिनी म्हणते, छातीत दुखतं असं तो कधी बोलला नाही.

आम्ही पाहत राहिलो. बकरी अडकली, माझ्या नावाच्या बाईनं कुऱ्हाड ठेवली, आई घागर घेऊन आली. तिनं दिवा लावला. आणि आत गेली नाही. दारातच उभी राहिली, जंगलाच्या रस्त्याकडे तोंड करून. पूर्वी ती दार लोटायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, वहिनीनं तर रोज पाहिलं होतं. "घरातलं कोणी बाहेर असन तं खेळातले लोक थांबत असतीन," मी म्हटलं. तो निम्म्या रस्त्यावर होता. अंधार पडू लागला. मी घाईघाईनं खेळ बंद केला.

मग रोज हेच. मी दुकान लवकर बंद करून कोहक्याला जायची. तो रोज मोळी घेऊन निघायचा, ती रोज दारात उभी राहायची, आणि तो घरी पोचायच्या आत मी त्याला पुसून टाकायची. एक दिवस वहिनी म्हणाली, "त्यायले घरी येऊ द्या, ताई."

"आनि आई?"

"सासूबाई थकल्या असतीन उभ्या राहून."

"माझी आई आहे ते!"

"आनि ते माझे कोन आहेत?" वहिनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "जित्तेपनी रात्रपाळ्या करत होते, मी काही बोलली नाही. आता मेल्यावरबी रस्त्यावरच ठेवता त्यायले?"

मी तडक निघून आले. दोन-चार दिवस गेले नाही. तिनंही फोन केला नाही. मशीनवर बसले की टाके वाकडे पडायचे. शेवटी मीच तोडगा घेऊन गेले. म्हटलं, लॅपटॉपवर रात्र होऊ देऊ, दादा घरी पोचेल. आईचं काही बरंवाईट झालं तरी हार्ड डिस्कवर आणि माझ्याकडे आहेच की जुनी प्रत. त्यासाठीच तर त्यानं ठेवल्या. वहिनीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एकीकडं ते घरात जेवून राहिले, आनि कपाटात अजून रस्त्यावरच उभे? मानूस असा दोन ठिकानी ठेवाचा का, ताई? मले झोप येईन का त्या कपाटाजवळ?"

बाबांच्या वेळचं दादाचं तोंड मला आठवलं. मी खुर्ची ओढली आणि खेळ उघडला.

बकरी. कुऱ्हाड. घागर. दिवा. आई दारात. अंधार पडू लागला तसा माझा हात आपोआप पुढे गेला, तो वहिनीनं धरून ठेवला. पडदा निळा झाला, मग काळपट. रस्ता दिसेनासा झाला. नुसते रातकिडे, आणि दूरवर तिचा एक दिवा. मग त्या दिव्याच्या उजेडात तो आला. मोळी उतरवली. ती बाजूला झाली, तो आत गेला, मागोमाग ती गेली आणि दार लागलं. दिवा विझला. वहिनी माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतली.

सकाळ झाली. दारं उघडली, माणसं कामाला निघाली. घागर घेऊन कुणी निघालं नाही. कोपऱ्यात एक ओळ आली, आईचं नाव आणि तिथलं तिचं वय. मधुकर दारात येऊन उभा राहिला. मग निर्मला आली. मग कुऱ्हाड टाकून मी आले. ते तिघं तिथे मान खाली घालून उभे होते आणि इकडे आम्ही दोघी. खेळात कुणी गेलं की जवळची माणसं अशीच जमतात. मी मात्र हंबरडा फोडला. खरी आई गेली तेव्हा आलेल्या-गेलेल्यांचा चहा करता करता रडायचं राहूनच गेलं होतं.

थोड्या वेळानं वहिनी उठली आणि लुगड्यांतून हार्ड डिस्क काढून आणली. मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. दोन्हीत ती अजून दारात होती. हार्ड डिस्क लावली, लॅपटॉपमधलं सकाळ झालेलं गाव तिच्यात भरायला घेतलं, तर कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाईल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? वहिनी म्हणाली, "तुमची आई आहे. तुमीच सांगा." मी हो म्हटलं. मग पेन ड्राइव्ह लावला. त्यानंही तेच विचारलं. आता ही शेवटची. माझं बोट कितीतरी वेळ तसंच राहिलं. वहिनीनं घाई केली नाही.

"जाय, आई," मी म्हटलं. "दादा आला घरी."

आणि बटण दाबलं.