अण्णांनी पारखलेलं झाड

अण्णा कुठलीही वस्तू सरळ बघायचेच नाहीत. चादर हातात दिली की आधी उलटी करणार. दुकानात त्यांच्याबरोबर टॉवेल घ्यायला गेलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "फुडची बाजू विकायला असती गं," म्हणायचे, "खरं काय ते मागं असतंय."

सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात ते सगळ्यांत म्हातारे. चाळीस वर्षं चादरींच्या नक्षीसाठी मागाला लावायची पुठ्ठ्याची कार्डं भोकं पाडून पंच केली आणि माग बंद पडल्यावर साठीत प्रोग्रॅमिंगची पायथन भाषा शिकले. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. कॉम्प्युटरशी भांडण मात्र दोन्हींत. "भोक पाडायचं नाहीतर सोडायचं, एवढंच की! मी दुसरं काय केलंय आजवर?"

श्रीपूरकडच्या एका साखर कारखान्याचं काम मला मिळालं, माझं पहिलंच. उसाच्या गाड्या नंबरानं आत सोडायच्या. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये मला हवं होतं आकड्यांचं, आपलं आपण सावरणारं झाड: लहान नंबर डाव्या फांदीला, मोठा उजव्या, आणि एक बाजू जड झाली की झाडानंच तोल सांभाळायचा. पायथनमध्ये ते आयतं मिळत नाही. नेटवर शोधशोधून मी एक मिळवलं. हजार नंबर घातले, झाड ताठ उभं! मी पेढे आणायला निघाले.

"बस खाली," अण्णा म्हणाले. "घालायला काय, कुणीबी घालतंय. काढून बघितलीस का?"

नव्या नक्षीचं वीतभर कापड विणून, त्यातले धागे ओढून बघितल्याशिवाय अण्णांनी कधी मागावर पूर्ण ताण्याचा बीम चढवू दिला नव्हता. तीच रीत त्यांनी इथं लावली. एकीकडे साधी यादी, दुसरीकडे झाड. दोन्हींतून तोच नंबर काढायचा आणि उरलेले ताडून बघायचे. मधला एक नंबर काढला आणि त्याच्या उजव्या फांदीवरचे सगळे गायब! झाडानं हूं की चूं केलं नाही.

हंगाम तोंडावर आला होता. मी तणतणले, "एवढे लोक वापरतात, अण्णा! मधलाच नंबर कोण काढतंय?"

अण्णा सहसा चिडायचे नाहीत, त्या दिवशी चिडले. "बैल लंगडला तर गाडी रांगेतनं काढणार की न्हाई? आन् तिच्या मागच्यांचा नंबरच गेला तर? ऊस वाळतोय, बैल उपाशी. त्या बायाबापड्यांना काय सांगणार, लई लोक वापरतेत म्हणून?"

मी ते झाड टाकलं, आणखी दोन टाकली. चौथ्यातून त्यांनी उलटसुलट नंबर काढले, पार एकच उरेपर्यंत. मग म्हणाले, "आता आण पेढे."

हंगामाच्या पहिल्या दिवशी ते माझ्याबरोबर येणार होते, नवा शर्टही शिवला होता. त्याच्या आठ दिवस आधी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मी एकटीच गेले. ऐन गर्दीत एका बैलगाडीचा आस मोडला. कारकुनानं तिचा नंबर काढला आणि माझा जीव टांगणीला लागला. मागच्या गाडीवरनं एक बाई ओरडली, "आमचा नंबर हाय न्हवं गं?" मी पडद्यावर बघितलं. तिचा होता. तिच्या मागचेही सगळे होते.

"हाय की मावशी! चला फुडं!"

तिथले साहेब खूश झाले. "झकास काम केलंत, मॅडम."

"माझं नाही हो, आमच्या अण्णांचं."

"मग बोलवा की त्यांना, चहा घेऊ."

सांगायला तोंड उघडलं. त्यांना नेलं त्या दिवशीही मी रडले नव्हते. त्या वजनकाट्याजवळ मात्र सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले.